उंबरठ्यामागे एक माणूस

रोहा, १२ जुलै १९८३

पुतळी,

आज दिवसभर पाऊस होता. सकाळी आठला ऑफिसला गेलो, दुपारी डबा खाल्ला, संध्याकाळी सुटलो. खोलीचं दार उघडलं तर तुझं पत्र फटीतून आत पडलेलं. अक्षर ओळखलं नाही. सहा वर्षांत अक्षर बदलणारच. खाली नाव वाचलं आणि मग पूर्ण पत्र उभ्यानेच वाचलं.

बाकी सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत थोडक्यात गेलीस, याचं इतकं वाईट वाटून घेऊ नकोस. ऑक्टोबरला एकच पेपर द्यायचा आहे. तू लिहितेस की बाईंनी शब्दांची यादी दिली, अर्थ पाठ करायला सांगितले, आणि पाठ केलेलं सगळं पेपरात एकमेकांत मिसळलं. ते मिसळणारच. त्यातलं क्रियापद एकच असतं. मागचा लहान शब्द बदलला की कामच बदलतं.

मी शिक्षक नाही, जुना मॅट्रिक आहे. पण कंपनीच्या जावक टेबलावर बसून इंग्रजी कागद टाईप करतो, त्यामुळे हे शब्द रोज हाताखालून जातात. माझी रीत सांगतो. अर्थ पाठ करू नकोस. प्रत्येक शब्दामागे एक माणूस काम करताना उभा कर.

'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. तुझी आई शेळीला पाला घालते आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आण. 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे. आमचे साहेब तक्रारीच्या कागदावर 'आय विल लुक इन्टू इट' असं लिहितात आणि कागद माझ्या फायलीत येऊन झोपतो. 'लुक फॉर' म्हणजे शोधणे. त्याच्यासाठी तू तुझंच कुणीतरी बघ. हरवलेली कोंबडी चालेल.

तुझ्या मैत्रिणीच्या, शकूच्या पेणच्या पत्त्यावर लिहायचं ठरलं ते बरं. तुझा बाप माझा पाठचा भाऊ आहे. आम्ही दोघं बोलत नाही, त्यात तुला ओढायचं नाही. त्याच्याविषयी मी काही विचारत नाही.

पुढची यादी पाठव.

आप्पा


रोहा, २९ जुलै १९८३

पुतळी,

तुझं पत्र मिळालं. वाक्यं तपासून सोबत पाठवतो आहे. आठांपैकी सहा बरोबर आहेत.

पण पत्राच्या शेवटी तू दोन ओळींत जे लिहिलंस, ते आधी लिहायला हवं होतंस. तुझ्या बापाची, काळूची उजवी बाजू चैत्रापासून लुळी आहे हे मला कुणी कळवलं नाही. मी विचारत नव्हतो हे खरं. आणि पौर्णिमेच्या उधाणाला घरातून बांधावर तू गेलीस.

तू हे असं लिहितेस, जसं तळ्यावरून हंडा आणला. 'माझ्याशिवाय कोन हाय आप्पा, उंबरठ्यामागे एक मानूस तर जायलाच लागतो.' तो नियम मला माहीत आहे. परवा शेजारच्या खोलीतले दत्तात्रेय विचारत होते, ते घाटावरचे आहेत, खाडी त्यांनी पाहिलेली नाही. त्यांना सांगावं लागलं, की आमच्याकडे एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात, आणि मध्ये मातीचा बांध. उधाण आणि पाऊस एका दिवशी आले की हाक पडते. प्रत्येक घरातला एक जण आपापल्या शेतापुढच्या बांधावर जाऊन उभा राहतो. पाणी झिरपायला लागलं तर पेंढा आणि चिखल घालून बुजवतो. बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि तीन-तीन वर्षं भात होत नाही.

दत्तात्रेय म्हणाले, "म्हणजे समुद्राच्या समोर एकेक माणूस उभा करता? अहो, माणसं आहात की काय तुम्ही!"

मी म्हटलं, "पद्धत आहे."

आता मला नीट उत्तर दे. तू कुठे उभी राहिलीस? वाकड्या तिवरीचं झाड आहे त्याच्या अलीकडे की पलीकडे? पाणी कुठवर आलं होतं? शेजारी कोण होतं? खाडीच्या अंगाने तू खाली उतरली तर नाहीस?

तू विचारलेला फरक. 'गिव्ह अप' म्हणजे आपण होऊन एखादी गोष्ट सोडणे. दत्तात्रेयांनी विडी सोडली, त्यांनी 'गेव्ह अप' केलं. 'गिव्ह इन' म्हणजे आधी नाही म्हणत होतो, मग समोरच्यापुढे नमलो. इथे समोर कुणीतरी लागतं. 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे. 'गिव्ह वे' म्हणजे भाराखाली ढासळणे, एखादा पूल किंवा एखादा

हा शेवटचा तुझ्या यादीत नाही. तो सोडून दे.

उत्तर लवकर पाठव.

आप्पा


रोहा, ११ ऑगस्ट १९८३

पुतळी,

परवाच्या अमावास्येला इथे सकाळपासून धो धो पाऊस होता. वर्तमानपत्रात भरतीची वेळ छापतात ती मी पाहिली होती. दुपारी बारानंतर टाईपरायटरपुढे बसलो होतो आणि एक ओळ दोनदा टाईप झाली. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी नाही का. मी हो म्हटलं. आज तुझं पत्र आलं तेव्हा कळलं की तिकडे पाऊस नव्हता, हाक पडलीच नाही, तू घरात तांदूळ निवडत होतीस.

तू लिहितेस, वाकड्या तिवरीच्या पलीकडे उभी होतीस. म्हणजे त्याच जागी.

तू तेव्हा दहा-अकरा वर्षांची होतीस, तुला काय सांगितलं गेलं मला माहीत नाही. मी सांगतो. गणपतीच्या आधीचं उधाण होतं. तुझा बाप जोह्याला कारखान्यात मूर्ती रंगवायला गेला होता. मी इथे ड्युटीवर होतो. घरात पुरुष म्हणजे माझा मुलगा गोविंदा, सुट्टीला आलेला. काळूला निरोप गेला होता. त्याने सांगून पाठवलं, की डोळ्यांचं काम हातात आहे, अर्धं टाकून उठता येत नाही, गोविंदा आहे ना. गोविंदा गेला. बांध खाडीच्या अंगाने ढासळला आणि तो मातीबरोबर खाली गेला. सगळं गाव शोधत होतं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिवरांत सापडला. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती, ते एका अर्थी बरं झालं.

इतकंच आहे. त्यानंतर मी गावी गेलो नाही. आता इथे कुंडलिका नदीच्या पुलावरून जातानासुद्धा कठड्याच्या बाजूने जात नाही, मधून चालतो. ट्रकवाले शिव्या देतात.

म्हणून मी एक केलं आहे. गावच्या नाथा पाटलांना अर्ज पाठवला आहे. कर्ता पुरुष आजारी असल्याने सदर घरास बांधाच्या कामातून सूट मिळावी, असा. कंपनीच्या मशीनवर टाईप केला, एक प्रत ठेवून घेतली. पाटील समजूतदार माणूस आहे. निर्णय होईपर्यंत तू जाऊ नकोस.

आता यादी. 'पुट ऑन' म्हणजे अंगावर घालणे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. 'पुट आउट' म्हणजे विझवणे. पोरं 'ऑफ' आणि 'आउट' यांत फार चुकतात, कारण दिवा बंद करण्याला आपण 'ऑफ' म्हणतो. चूल 'पुट आउट' होते, लग्न 'पुट ऑफ' होतं. 'पुट अप विथ' म्हणजे तक्रार असूनही सोसणे. हे तीन शब्द मिळून एक आहे, त्यातला एकही गाळायचा नाही.

आप्पा


रोहा, ३० ऑगस्ट १९८३

पुतळी,

तू रागावून लिहिलंस ते योग्यच आहे. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

माझ्या डोक्यात आलंच नाही. मी गावाचा माणूस, माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. कंपनीत आजारी माणसाला सूट मागता येते. अर्ज करायचा, साहेब सही करतात, काम दुसरा बघतो. बांधावर तसं नसतं. ज्या घराने माणूस पाठवणं थांबवलं, त्या घराने आपला बांध सोडला. मग त्याच्या शेतापुढे बांधाला खांड पडली तर बुजवायला गाव येत नाही. मी सूट मागितली, आणि नाथा पाटलांनी वाचलं की आमच्या घराने बांध टाकला. वर तो कागद टाईप केलेला.

देवळापुढची बैठक तू जशी लिहिलीस तशी मला ऐकू आली. नाथा पाटील कागद हलवत म्हणाले, "कमळाकरानं बांधाची रजा मागितली हाय!" आणि मागून केरू म्हणाला, "पगारी का बिनपगारी?" सगळे हसले असतील. मी असतो तर कदाचित मीही हसलो असतो. केरूची जीभ लहानपणापासून तशीच आहे.

पण मग काळूला दोघांनी धरून तिथे आणला, हे वाचताना मला पत्र खाली ठेवावं लागलं.

"मी अजून मेलो नाय. माज्या घराचा मानूस बांधावर येल."

"कोन येल, काळू? नाव घे."

"माजी पुतळी येल. ह्या हंगामातल्या सगळ्या उधानांना येल."

आधी तू आपणहून जात होतीस. आता बापाने चारचौघांत शब्द दिला. तुला थांबवायला गेलो आणि तुला बांधून ठेवलं.

दत्तात्रेय म्हणतात, दुसरा अर्ज करा, पहिला मागे घेतल्याचा. मी म्हटलं, आता कागद नको.

तू पत्रात यादी पाठवली नाहीस. तरी थोडं लिहितो, कारण ऑक्टोबर कुणासाठी थांबत नाही. 'कॉल ऑन' म्हणजे कुणाकडे भेटायला जाणे. 'कॉल फॉर' म्हणजे मागवणे किंवा गरज असणे. 'कॉल ऑफ' म्हणजे ठरलेलं रद्द करणे. 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' यांत घोटाळा होतो. 'पुट ऑफ' केलेली गोष्ट पुढे कधीतरी होते. 'कॉल ऑफ' केलेली होत नाही.

राग गेला की लिही.

आप्पा


रोहा, २३ सप्टेंबर १९८३

पुतळी,

मध्ये मी लिहिलं नाही. त्याचं कारण सांगतो. तुझ्या बापाला सांगू नकोस.

गणपतीच्या दोन दिवस आधी, अमावास्येच्या उधाणाला, मी रजा काढून पेणपर्यंत आलो होतो. नागोठण्याला अंबा नदी दोन्ही काठ भरून चालली होती, तेव्हाच मी खिडकीची जागा सोडून पलीकडे बसलो. पेणच्या स्टँडवर उतरलो. आपल्या गावाची गाडी लागलेली होती. मूर्तींचे ट्रक भरून चालले होते, प्लॅस्टिकमधून त्यांचे डोळे दिसत होते. कंडक्टर म्हणाला, "काका, चढता का, घंटी मारू?" मी म्हटलं, मारा. गाडी गेली. मी कॅन्टीनमध्ये चहा घेतला आणि रोह्याची गाडी पकडली. त्या दिवशी तू बांधावर उभी होतीस, आणि मी तासाभराच्या अंतरावर होतो.

तू लिहिलंस, पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर राहिलं होतं, आणि 'मजा आली'. असं लिहू नकोस.

आता हॉलतिकिटाचं. इंग्रजीचा पेपर सात ऑक्टोबर, सकाळी अकरा. मी लगेच पंचांग पाहिलं. सहा तारखेला सर्वपित्री अमावास्या आहे, सातला मोठी भरती साडेबाराच्या सुमारास. परतीचा पाऊस रोज संध्याकाळी पडतोच आहे. भात निसवलेलं, लोंब्यांवर आलेलं असेल. नाथा पाटील त्या दिवशी हाक दिल्याशिवाय राहणार नाहीत.

हे तू माझ्याआधीच पाहिलं होतंस. म्हणूनच लिहिलंस, 'पेपर मार्चला परत देता येल आप्पा. शेतात खारं पानी आलं का परत काय देता येत नाय.'

पुतळी, पेपर परत देता येत नाही. मार्चला तुझं लग्न ठरलेलं असेल, किंवा काळूचं दुखणं वाढलेलं असेल, किंवा दुसरं काही. तुला नर्सिंगला जायचं आहे असं तूच पहिल्या पत्रात लिहिलंस. त्यासाठी हा एकच कागद अडला आहे. तू पेपरला बसायचं.

सात तारखेला बांधावर मी येईन. आपलं घर अजून वाटलेलं नाही, चूल वेगळी असली तरी उंबरठा एकच आहे. माझं नाव अजून त्या उंबरठ्याचं आहे. काळूचा शब्दही मोडत नाही. त्याने आधी घराचा माणूस येईल असंच सांगितलं, तुझं नाव विचारल्यावर घेतलं. मी घराचा माणूस आहे.

शेवटची यादी. 'गेट ओव्हर' म्हणजे आजारातून किंवा दुःखातून बाहेर येणे. 'गेट थ्रू' म्हणजे अवघड काळ किंवा परीक्षा पार करणे. दोन्हीला आपण 'पार पडणे' म्हणतो, म्हणून पोरं अडकतात. फरक असा, की 'गेट थ्रू' करणारा फक्त पलीकडच्या टोकाला पोचतो. त्याचं मन बरं झालं असेल असं काही नाही. 'गेट अवे' म्हणजे निसटणे.

आप्पा


रोहा, २ ऑक्टोबर १९८३

पुतळी,

मी येतो असं लिहिलं आहे, ते तसंच आहे. रजा मंजूर झाली.

पण रोज पहाटे जाग येते आणि वाटतं की मी पुन्हा पेणच्या स्टँडवरून परत फिरेन. म्हणून हे लिहितो. तू सहा तारखेला दुपारीच शकूकडे निघून जा. मी पोचलो की नाही ते बघायला थांबू नकोस. मी आलो नाही तरी तू पेपर सोडायचा नाहीस. तुझी आई म्हणाली तरी नाही, बाप म्हणाला तरी नाही.

पेन दोन ने.

आप्पा


गावी, ७ ऑक्टोबर १९८३

पुतळी,

तुझा पेपर आता सुटला असेल. 'ब्रेक डाउन', 'ब्रेक आउट' आणि 'ब्रेक ऑफ' यांतलं काय आलं असेल याचा सकाळपासून विचार करतो आहे. मशीन बंद पडतं ते 'डाउन', साथ किंवा आग सुरू होते ती 'आउट', बोलता बोलता थांबतो किंवा संबंध तोडतो ते 'ऑफ'. हे शेवटचं तुला लिहायचं राहून गेलं होतं. आलं असेल तर माझी चूक.

बांध आहे. भात उभं आहे. हे आधी लिहितो म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

काल संध्याकाळच्या गाडीने आलो. तुझी आई दारात होती. डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "या भावजी. पाय धुवा, च्या ठेवते." मग आतून म्हणाली, "दुपारी पितरांची पानं ठेवली व्हती. गोविंदाचं पन ठेवलं. दरवर्षी ठेवते." मला हे माहीत नव्हतं. काळू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपला नव्हता. मी जेवत होतो तरी तोंड इकडे फिरवलं नाही. मी जेवून ओटीवर आडवा झालो.

आज सकाळपासून पूर्वेला काळं धरलं होतं. दहाच्या पुढे पाऊस सुरू झाला आणि हाक पडली. तुझ्या आईने पेंढ्याच्या दोन पेंड्या आणि फावडं माझ्याकडे दिलं. पायात काही घालायचं नाही, ते मी विसरलो होतो, तिने आठवण केली.

नाथा पाटील बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, उघाडीवर उभे राहून एकेक घर मोजत होते. आता ते म्हातारे झालेत. आपल्या घराचं नाव घेतलं आणि इकडेतिकडे बघायला लागले. तुला शोधत असावेत.

मी म्हटलं, "हाय."

"कोन? कमळाकर?" जवळ येऊन त्यांनी माझं तोंड पाहिलं. "रजा संपली का रं?"

"संपली."

केरू मागे होता. म्हणाला, "पाटील, कारकुनाला बांधावर घेताव, शाई धुवून जायाची त्याची." पण माझ्या खांद्यावरची एक पेंडी त्याने काढून आपल्या खांद्यावर घेतली. त्याचा बांध आपल्याला लागूनच आहे हे तुला माहीत आहे.

वाकडी तिवर तशीच आहे. बांध तिथे नंतर रुंद केलेला दिसतो. मी पाण्याकडे पाठ करून, भाताकडे तोंड करून उभा राहिलो. केरू ओरडला, "आरं, भाताची राखन नाय करायची, खाडीकडं बघ!" मग वळलो. पाणी हिरवट-काळं, वर फेस, आणि हळूहळू वर चढणारं. पाऊस तोंडावर येत होता. मी फावडं चिखलात रोवून त्याचा दांडा धरून ठेवला. हे मी तुला लिहितो आहे कारण तू तिथे उभी राहिली आहेस, तुला कळेल की नाही ते मात्र माहीत नाही. तुला भीती वाटत नाही असं तू म्हणतेस. मला दुसरं काहीच वाटत नव्हतं.

बाराच्या पुढे भाताच्या अंगाने बांधाच्या पोटातून पाणी निघायला लागलं. मनगटाएवढी धार. खेकड्याचं बीळ. मी पेंढा कोंबला, वर चिखल थापला. धारेने पेंढा बाहेर फेकला. पुन्हा कोंबला, पुन्हा फेकला. भोक मोठं व्हायला लागलं, पाण्याबरोबर माती येऊ लागली. केरूचा स्वतःचा बांध पाझरत होता, त्याला हलता येत नव्हतं. तो नुसता ओरडत होता. मी तिथे बसून राहिलो. हात चालेनात.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"दादा, आतनं काय थापतोस? बिळाचं तोंड खाडीच्या अंगाला हाय. तिकडनं उतर."

काळू. तुझ्या आईच्या खांद्यावर भार टाकून चिखलातून पाय ओढत आलेला. डोक्यावर इरलं, तेही वाकडं. सहा वर्षांनी बोलला ते हे.

मी म्हटलं, "काळू, त्या अंगाला मला जमायचं नाय."

त्याने आपल्या लुळ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला बी जमायचं नाय. तोल जातो. नायतर तुला सांगितलं नसतं."

तुझ्या आईने गुराचं दावं आणलं होतं. एक टोक तिने माझ्या कमरेला बांधलं. दुसरं टोक काळूने चिखलात बैठक मारून डाव्या हाताला गुंडाळून घेतलं. त्या एकट्या हातात मला धरून ठेवण्याएवढं बळ नव्हतं, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तुझ्या आईने त्याच्यामागे बसून दाव्याचं राहिलेलं टोक धरलं.

मी उतरलो. पहिल्याच पावलाला कमरेपर्यंत गेलो. पायाखाली काही लागेना. मी ओरडलो असणार, कारण काळू वरून म्हणाला, "हाय मी, हाय. पायानं चाचप. थंड पानी वढतंय ते बीळ." बिळाने पाय ओढला तेव्हा मला वाटलं, गोविंदाचं झालं तेच झालं. पण बीळ तिथेच होतं. काळू सांगत गेला आणि मी करत गेलो. पेंढा पिळून उभा घाल. आडवा नको. आता टाचेनं दाब. आता चिखल. पुन्हा पेंढा. "कारकुनाचा हात तुझा, जोर लाव!" हे दोनदा म्हणाला.

मग केरू तिकडून ओरडला, "धार तुटली! कमळाकरा, तुटली धार!"

मला वर यायला वेळ लागला. वर आलो तर काळूच्या हातावर दाव्याचे वळ उठलेले. दावं सोडायला त्याचा हात उघडेना, तुझ्या आईने एकेक बोट मोकळं केलं. मी त्याच्या शेजारी चिखलात बसलो. दोघंही खाडीकडे बघत होतो. त्याने विचारलं, "पुतळीचा पेपर किती वाजता सुटतो?" मी सांगितलं. त्याने मान हलवली. जोह्याच्या मूर्तीविषयी तो काही बोलला नाही. मी विचारलं नाही. विचारीन असंही वाटत नाही.

ओहोटी लागल्यावर नाथा पाटील येऊन बीळ बघून गेले. म्हणाले, उद्या परत भरती हाय, आजच्यापेक्षा थोडी कमी. मी म्हटलं, आहे मी उद्या.

भीती गेलेली नाही. उद्याही ती असणार. पुढच्या पौर्णिमेलाही असेल. पण पुढच्या पौर्णिमेला हे काम तुझ्याकडे येणार नाही. मी काळूला तसं सांगितलं आणि तो नाही म्हणाला नाही.

हे पत्र केरूकडे देतो, तो उद्या सकाळच्या गाडीने पेणला जाऊन भरतीआधी परतणार आहे. वाटेत पाणी आहे, तू घाईने निघू नकोस. शकूकडे एक दिवस राहा आणि झोप काढ.

आप्पा

पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. घरात सगळे जेवून आडवे झालेत. अंगावर चिखल वाळून कडक झाला होता म्हणून तळ्यावर गेलो. तिथे कुणी नव्हतं. पायऱ्या उतरून, कमरेला दावं नसताना, गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, पँट धुतली, पिळली आणि पायरीवर वाळत घातली.